एकाच संगणकावर कार्यालयाची तीन मेल खाती

लातूरच्या डाळमिलमध्ये किंवा वाळूजच्या एखाद्या लहान कारखान्यात खरेदी, विक्री आणि हिशेब अशी तीन मेल खाती असली, तरी ती सांभाळणारा माणूस बहुधा एकच असतो. त्याच्यासाठी थंडरबर्ड हे मोफत मिळणारे मेलचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मात्र मेल वाचण्यापेक्षा ती योग्य पत्त्यावरून पाठवण्याच्या मांडणीकडे अधिक लक्ष द्यावे.

खाते जोडताना मेल आणण्याच्या दोन पद्धतींपैकी पॉपऐवजी आयमॅप निवडावे, कारण आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहते आणि संगणकावर वाचलेली मेल मालकांच्या मोबाइलवरही वाचलेली दिसते. येणाऱ्या मेलसाठी ९९३ हे पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) एसएसएलसह, तर जाणाऱ्या मेलसाठी ४६५ एसएसएलसह किंवा ५८७ स्टार्टटीएलएससह वापरतात; एसएसएल आणि स्टार्टटीएलएस या जोडणी सुरक्षित ठेवण्याच्या पद्धती आहेत. सर्व्हरचे नाव मेलसेवा पुरवणाऱ्याकडून घ्यावे. जीमेलचे खाते असल्यास गूगलची खिडकी उघडते आणि तिथेच लॉगिन करून परवानगी द्यावी लागते.

त्यानंतर ‘अकाउंट सेटिंग्ज’मध्ये प्रत्येक खात्याला ‘खरेदी’, ‘विक्री’ असे ओळखू येणारे नाव द्यावे, वेगळी स्वाक्षरी लिहावी आणि त्याच पानाच्या तळाशी ‘आउटगोइंग सर्व्हर’ म्हणून त्या खात्याचाच सर्व्हर निवडला आहे ना, हे पाहावे. कंपनीच्या पत्त्यावरची मेल जीमेलच्या सर्व्हरवरून गेली, तर जीमेल बहुधा प्रेषकाच्या जागी त्या जीमेल खात्याचाच पत्ता घालते, आणि व्यापाऱ्याचे उत्तर भलत्याच खात्यात येऊन पडते. ‘कॉपीज अँड फोल्डर्स’मध्ये पाठवलेल्या मेलची प्रतही त्याच खात्यात ठेवावी; अन्यथा दरपत्रक पाठवले होते की नाही, हे शोधताना तिन्ही खाती चाळावी लागतात.

उत्तर देताना थंडरबर्ड बहुधा मेल ज्या खात्यात आली तेच खाते निवडते, परंतु नवी मेल समोर उघड्या असलेल्या खात्यावरून निघते, म्हणून ‘फ्रॉम’ची ओळ पाहूनच ‘सेंड’ दाबावे. सर्व खात्यांचा एकत्रित इनबॉक्सही लावता येतो. पण हिशेबाची मेल विक्रीच्या गर्दीत हरवू नये म्हणून तो टाळलेला बरा. जीएसटीच्या सूचना वेगळ्या फोल्डरमध्ये टाकणारा फिल्टर मात्र जरूर लावावा.

‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये मेलची प्रत संगणकावर ठेवण्याचा पर्याय सुरू असला, तर लाइट जाऊन राउटर बंद पडला तरी लॅपटॉपवर जुन्या मेल वाचता येतात. मात्र त्याच लॅपटॉपवर इतरही बसत असतील, तर थंडरबर्डमध्ये साठवलेले पासवर्ड राखणारा ‘प्रायमरी पासवर्ड’ लावावा (संगणकावरची मेलची प्रत मात्र तो झाकत नाही), आणि ही मांडणी रोजच्या कामाला वापरण्यापूर्वी प्रत्येक खात्यावरून दुसऱ्या खात्याला एक मेल पाठवून प्रेषकाचा पत्ता व ‘सेंट’मधील प्रत तपासावी.