स्टील शूटिंगसाठी हलकी काडतुसं भरताय? या चुका टाळा

स्टील चॅलेंज म्हणजे पोलादी पाट्यांवर वेळेशी झुंजत खेळायची पिस्तूल स्पर्धा. तिच्यात पॉवर फॅक्टरची, म्हणजे काडतुसाच्या ताकदीच्या मोजमापाची, अट नाही. गोळी पाटीला लागली की झालं, पाटी पडायची गरज नसते. त्यामुळे पावडर कमी करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. झटका कमी, साइट लवकर जागेवर, पुढची पाटी लवकर. विचार बरोबर आहे, पण बरेच जण पावडर तेवढी कमी करत जातात आणि बाकी पिस्तूल होतं तसंच ठेवतात. मग काडतूस अडकलं की दोष कधी मॅगझिनला, कधी नशिबाला. गोळी, पावडर, स्प्रिंग आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) या चौघांचं एकमेकांशी जमावं लागतं. एक बदललं की उरलेली तिन्ही पुन्हा तपासायची.

घरी काडतूस भरणं, म्हणजे केस (रिकामं पितळी कवच), प्राइमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी), पावडर आणि गोळी जोडणं, तुमच्याकडच्या कायद्यात आणि परवान्यात बसतं का, हे मात्र सगळ्यात आधी पाहून घ्या.

कुठल्या खेळासाठी भरताय?

तीच काडतुसं आयपीएससीच्या (व्यावहारिक नेमबाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) सामन्यात नेणार असाल तर मायनरसाठी, म्हणजे कमी ताकदीच्या वर्गासाठी, 125 पॉवर फॅक्टर लागतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले 1000. 147 ग्रेनची गोळी 860 ने गेली तर 126 येतात, म्हणजे अगदी काठावर. सामन्यातल्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग थोडा कमी भरला तरी गुण गेले. 880 धरलात तर 129 होतात आणि निश्चिंत राहता येतं. फक्त स्टील खेळणार असाल तर त्याखाली जायला हरकत नाही, पण किती खाली जायचं ते पिस्तूल ठरवेल.

तक्त्याच्या खाली अंदाजाने उतरू नका

सगळ्यात धोकादायक चूक हीच. पावडर कंपनीच्या तक्त्यात सुरुवातीचा आकडा दिलेला असतो. सावकाश जळणारी पावडर त्या आकड्याखाली नेली की दाब पुरेसा चढत नाही, पावडर अर्धवट जळते, वेग प्रत्येक काडतुसाला वेगळा येतो आणि एखादी गोळी बॅरलमध्येच अडकते. जॅकेट (वरून धातूचं आवरण) असलेल्या गोळीला बॅरलमधून जाताना शिशाच्या गोळीपेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे तिथे हा धोका अधिक. आणखी हलकं हवं असेल तर हातातली पावडर कापत बसू नका. पटकन जळणारी पावडर घ्या आणि तिचा तुमच्याच वजनाच्या आणि तुमच्याच प्रकारच्या गोळीसाठी छापलेला आकडा वापरा.

नेहमीच्या आवाजाऐवजी ‘फुस्स’ झालं, हाताला झटका जाणवला नाही, स्लाइड हलली नाही, तर तिथेच थांबा. घड्याळ चालू असलं तरी थांबा. सरावलेला हात आपोआप स्लाइड ओढून पुढचा ट्रिगर दाबतो, आणि अडकलेल्या गोळीमागून दुसरी गेली की बॅरल फुगते किंवा फाटते. मॅगझिन काढा, चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) रिकामं करा, पिस्तूल उघडून बॅरलमधून आरपार उजेड दिसतो का ते पाहा.

पटकन जळणाऱ्या पावडरचा धोका वेगळाच. टाइटग्रुपसारखी दाट पावडर 9 एमएमच्या केसमध्ये तळाशी थोडीशीच दिसते. दोनदा पडली तरी केस ओसंडत नाही आणि चूक नजरेतून सुटते. म्हणून गोळी बसवण्याआधी दिव्याच्या उजेडात प्रत्येक केसमध्ये डोकावायचं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) मध्येच अडली तर त्या वेळी आत असलेल्या सगळ्या केस रिकाम्या करून पुन्हा सुरू करा. ‘बहुतेक पडली होती’ हे उत्तर इथे चालत नाही. जास्त जागा व्यापणारी पावडर मिळत असेल तर मी तीच निवडेन. थोडी महाग पडली तरी चालेल.

स्प्रिंग न बदलता पिस्तुलाला दोष देणं

मूळ रिकॉइल स्प्रिंग (मागे गेलेली स्लाइड पुन्हा पुढे आणणारी) पूर्ण ताकदीच्या काडतुसासाठी असते. हलकं काडतूस तिच्यावर मात करू शकत नाही आणि स्लाइड अर्ध्यातूनच परत येते. लक्षणं ओळखू येतात. रिकाम्या केस लांब उडायच्या ऐवजी पायाशी पडतात, एखादी स्लाइडमध्ये उभीच अडकते, मॅगझिन संपलं तरी स्लाइड मागे अडकून राहत नाही. अशा वेळी एक पायरी हलकी स्प्रिंग लावा किंवा पावडर किंचित वाढवा. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

स्लाइड पूर्ण मागे जाते पण पुढे येऊन नीट बंद होत नाही, ही तक्रार उलट दिशेची आहे. तिथे स्प्रिंग जास्तच मऊ झालेली असते, किंवा केसचं तोंड पुरतं आवळलेलं नसतं, किंवा चेंबर घाण असतं. अशा वेळी स्प्रिंग आणखी हलकी केली तर त्रास वाढेल.

चाचणी कशी घ्यायची? मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, झाडा, स्लाइड मागे अडकते का पाहा. मग तेच एका हाताने, पकड थोडी सैल ठेवून. त्यानंतर पूर्ण भरलेलं मॅगझिन घ्या, कारण भरलेल्या मॅगझिनमधलं वरचं काडतूस स्लाइडला खालून घासतं आणि काठावरचा लोड (गोळी आणि पावडर यांचा ठरवलेला मेळ) नेमका तिथे अडतो. शेवटी, न पुसलेल्या पिस्तुलात आणि थंडीत पाहा. स्वच्छ, तेल घातलेल्या पिस्तुलात दुपारच्या उन्हात चाललेला लोड दिवसभराच्या सामन्यात टिकेलच असं नाही.

हलकी स्प्रिंग बसवलेल्या पिस्तुलातून कारखान्याची पूर्ण ताकदीची काडतुसं झाडत राहू नका. स्लाइड फ्रेमवर आदळत राहते.

प्राइमर, केसचं तोंड, लांबी

ट्रिगर मऊ करायला हॅमरची (प्राइमरला ठोका देणाऱ्या भागाची) स्प्रिंगही हलकी केली असेल तर काही प्राइमर पेटणार नाहीत. तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला पेटलं, तर प्राइमर पुरता खाली बसला नसण्याची शक्यता मोठी. पहिला ठोका तो बसवण्यातच जातो. केसच्या बुडावरून बोट फिरवा, प्राइमर किंचित आत लागला पाहिजे.

9 एमएमचं काडतूस चेंबरमध्ये केसच्या तोंडावर टेकतं. तोंड जास्त आवळलं तर मुलामा दिलेल्या गोळीचा थर कापला जातो, वर गोळी सैल होते. भरलेलं काडतूस टेबलाच्या कडेवर अंगठ्याने जोरात दाबा आणि लांबी पुन्हा मोजा. गोळी आत सरकत असेल तर ती काडतुसं वापरू नका. 147 ग्रेनची लांब गोळी आधीच केसमधली बरीच जागा खाते, ती आणखी आत गेली की दाब झपाट्याने चढतो. लोड हलका आहे म्हणून इथे सूट मिळत नाही.

क्रोनोग्राफ आणि निशाणा

केस मोठी आणि पावडर थोडी असली की ती आत इकडेतिकडे सरकते. काही काडतुसं पिस्तूल आधी खाली झुकवून, काही वर उचलून, मग आडवं करून क्रोनोग्राफवर झाडा. दोन्हींच्या वेगात मोठी तफावत आली तर ती पावडर या लोडला योग्य नाही. पिस्तूल खालून वर उचलताना तुम्ही नेमकं हेच करत असता.

वेग बदलला की गोळी लागण्याची जागाही बदलते, म्हणून साइट पुन्हा लावा. स्टील चॅलेंजच्या आउटर लिमिट्स या स्टेजमध्ये 35 यार्डांवर पाट्या असतात, तेव्हा तेवढ्या अंतरावर कागदावर गोळ्यांचा गट पाहिल्याशिवाय लोड पक्का धरू नका. उलट स्मोक अँड होप या स्टेजमध्ये पाट्या जवळ असतात, आणि मंद गोळी नेहमी चुरा होऊन फुटतेच असं नाही, तिचा मोठा तुकडा परत येऊ शकतो. खड्डे पडलेल्या पाटीवर हलका लोड झाडू नका. चष्मा बघणाऱ्यांच्या डोळ्यांवरही हवा.

कुठे थांबायचं?

बहुतेक स्टेजवर पाचपैकी सगळ्यात वाईट फेरी वजा होते. म्हणजे एकदा काडतूस अडकलं तर निभावतं, दुसऱ्यांदा अडकलं की त्या स्टेजची वेळ गेली. मऊ झटक्याने वाचणारा सेकंदाचा अंश एका अडथळ्यात कैकपट जातो. म्हणून लोड जिथे अडखळायला लागतो तिथून थोडा वर घ्या, स्प्रिंग तीच ठेवा, आणि सामन्यासाठी भरलेलं प्रत्येक काडतूस पिस्तुलातून काढलेल्या बॅरलमध्ये टाकून पाहा. ते आपोआप आत पडलं पाहिजे, बोटाने मोकळं फिरलं पाहिजे आणि बॅरल उलटी केली की स्वतःच्या वजनाने बाहेर आलं पाहिजे. जे येणार नाही ते सरावालाही ठेवू नका, सुटं करा.