कॅम्पर जोडला की पिकअप मागून का बसतो, आणि त्यावर काय करायचं

रात्री समोरून येणारी प्रत्येक गाडी तुम्हाला डिपर मारायला लागली, तर पुढच्या थांब्यावर उतरून ट्रकच्या मागच्या चाकांकडे बघा. कॅम्पर (मागे ओढायचं चाकांवरचं घर, म्हणजे ट्रेलरच) जोडल्यावर पिकअप मागून बसलेला असतो, नाक वर झालेलं असतं आणि तुमचे खालचे दिवेसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जात असतात.

आमचं हेच झालं होतं. अमेरिकेतल्या डेन्व्हरहून मोआबला निघालो होतो, कॅम्पर घेतल्यानंतरची पहिलीच सहल. आयझेनहॉवर बोगदा (उंची ११,१५८ फूट) ओलांडून सिल्व्हरथॉर्नच्या उताराला लागलो आणि स्टिअरिंग एकदम हलकं वाटायला लागलं, ओल्या रस्त्यावर वाटतं तसं. ट्रेलर विकणाऱ्याने सांगितलं होतं, "हाफ-टन ट्रक आहे ना, आरामात ओढेल." (हाफ-टन म्हणजे मोठ्या पिकअपमधला सगळ्यात हलका वर्ग.) ओढत होताच की. ओढण्याची अडचण नव्हतीच. अडचण होती ट्रकच्या पाठीवर पडलेल्या ओझ्याची.

ओझं जातं कुठं

बैलगाडी भरताना पाहिलेली असेल तर अर्धं गणित तुम्हाला आधीच येतं. पुढे जास्त ओझं झालं की बैलांच्या मानेवर येतं. मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. कॅम्परचंही तसंच. चाकांच्या पुढे मागच्यापेक्षा थोडं जास्त वजन असावं लागतं आणि त्यातला काही भार ट्रकच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर टेकावा लागतो. याला टंग वेट म्हणतात; टंग म्हणजे ट्रेलरचा पुढे आलेला, हिचला जोडायचा भाग. साध्या, हिचच्या गोळ्यावर (बॉलवर) बसणाऱ्या ट्रेलरसाठी भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के टंग वेट योग्य धरतात. ६,००० पौंडांचा कॅम्पर असेल तर ६०० ते ९०० पौंड.

फरक एवढाच की बैलाची मान जुवाच्या बरोबर खाली असते. ट्रकचा हिच मागच्या चाकांच्याही मागे, साधारण पाच फुटांवर असतो. म्हणजे तरफच झाली. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर १४५ इंच, हिचचा बॉल मागच्या चाकांच्या मागे ६० इंच आणि टंग वेट ७०० पौंड धरा. मागच्या चाकांवर ७०० नाही, जवळजवळ ९९० पौंड वाढतात, कारण पुढच्या चाकांवरचे २९० उचलले जातात. वळवणारी आणि ब्रेकचं जास्त काम करणारी चाकं हीच. मागचं बसणं डोळ्याला दिसतं म्हणून आपण त्याच्यावर उपाय शोधतो, पण धोका पुढच्या टोकाला असतो. पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीवर जोखा.

आधी दाराचा स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांपेक्षा जास्त नको. हेच तुमचं पेलोड. जाहिरातीतला टोइंगचा मोठा आकडा विसरा. हाफ-टन ट्रकमध्ये बहुतेक वेळा पेलोड त्याच्या खूप आधी संपतं.

आमच्या ट्रकचा आकडा १,५२० होता. आम्ही दोघं आणि दोन मुलं, ४८० पौंड. हिचचं लोखंड १००. ट्रकच्या हौद्यात सायकली, सरपण, कूलर, प्रेशर कुकर, तांदळाची पिशवी, सगळं मिळून २००. टंग वेट ७००. बेरीज १,४८०. चाळीस पौंड शिल्लक! त्या उन्हाळ्यात पुण्याहून आई आली आणि तिला मागच्या सीटवर बसवलं की हिशेब बिघडला. आईला घरी ठेवता येत नाही, म्हणून सायकली आणि सरपण घरी राहिलं. (सरपण तसंही कॅम्पग्राउंडजवळच विकत घ्यावं. लाकडाबरोबर झाडांची कीड दुसऱ्या जंगलात जाते.)

हिचच्या रिसीव्हरवरही (ट्रकच्या मागचा चौकोनी नळा, ज्यात हिच बसते) एक स्टिकर असतो. त्यावर बऱ्याचदा दोन ओळी असतात: नुसत्या बॉलसाठी एक मर्यादा आणि वजन वाटणाऱ्या हिचसाठी (तिच्याबद्दल पुढे) दुसरी. पहिली पुष्कळ ट्रकवर ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग वेट एवढीच असते. ७०० पौंडांचं टंग नुसत्या बॉलवर टेकवून मी दोनशे मैल गेलो होतो, हे मला हा स्टिकर वाचल्यावर कळलं.

टंग वेट घरी मोजा

माहितीपत्रकातला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो. गॅसच्या टाक्या आणि बॅटरी बहुधा त्यात धरलेल्या नसतात, आणि त्या बसवलेल्या असतात नेमक्या टंगवर. वीस पौंडी प्रोपेनच्या दोन भरलेल्या टाक्या म्हणजे सुमारे ७५ पौंड, वर बॅटरी. म्हणून सहलीला निघताना भराल तसा ट्रेलर भरा आणि स्वतः मोजा.

बाथरूममधला वजनकाटा चालतो, पण त्यावर टंग थेट टेकवू नका, काटा मोडेल. एक मजबूत तुळई घ्या. तिचं एक टोक काट्याच्या उंचीच्या विटेवर ठेवा आणि दुसरं काट्यावर, दोन टेकूंमधलं अंतर तीन फूट. आता विटेपासून एक फुटावर टंगचा भार तुळईवर येऊ द्या. काट्यावर दिसेल त्याची तिप्पट म्हणजे तुमचं टंग वेट. ट्रेलर सपाट जमिनीवर आणि आडवा समतल हवा, आणि त्याच्या चाकांना पाचर लावायला विसरू नका.

टंग वेट जास्त निघालं की पहिली इच्छा होते सामान मागे ढकलायची. इथे थांबा. बसणं कमी दिसेल, पण १० टक्क्यांच्या खाली गेलात की ट्रेलर मागून झुलायला लागतो, आणि वायोमिंगमधल्या आय-८० सारख्या वाऱ्याच्या रस्त्यावर तो झुलू लागला की सावरणं अवघड. थोडं बसलेलं परवडतं, उलाळ झालेलं परवडत नाही. जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या आसपास, खाली ठेवा. डबाबंद खाणं आणि अवजारं पुढच्या डिकीतून काढून आत मधोमध आणा, एवढ्यानेही फरक पडतो.

वजन वाटणारी हिच बसवणं

वेट डिस्ट्रिब्युशन हिचमध्ये दोन स्प्रिंग बार असतात. ते हिचच्या डोक्यातून निघून ट्रेलरच्या चौकटीवर साखळीने किंवा ब्रॅकेटने ताणून बसवतात. ताण दिला की हिचचं डोकं रिसीव्हरला पिळतं, ट्रकचा मागचा भाग उचलला जातो, पुढची चाकं पुन्हा जमिनीला दाबतात आणि थोडा भार ट्रेलरच्या चाकांवर जातो. पण यामुळे स्टिकरवरची मर्यादा वाढत नाही. बार तुमच्या टंग वेटला साजेसेच घ्या: फार कडक बार ट्रेलरला हिसके देतात आणि मऊ बार काम करत नाहीत. काही गाड्यांना अशी हिच चालत नाही, तेव्हा विकत घेण्याआधी ट्रकची पुस्तिका उघडा.

१. सपाट जागेवर ट्रक उभा करा. सामान, इंधन, टायरची हवा सगळं सहलीला निघताना असतं तसं ठेवा. ट्रेलर न जोडता पुढच्या चाकाच्या मधोमध जमिनीपासून कमानीच्या कडेपर्यंत मोजा. समजा ३७.५ इंच आलं.

२. ट्रेलर समतल करून त्याच्या कपलरची (टंगच्या टोकाला बॉलवर बसणाऱ्या वाटीची) उंची मोजा आणि बॉलची उंची हिचच्या सूचनांप्रमाणे ठरवा. ट्रेलर शेवटी समतल किंवा नाक जरासं खाली असा बसायला हवा. बॉलचा आकारही कपलरवर कोरलेलाच हवा, २ इंच किंवा २ ५/१६.

३. बार न लावता ट्रेलर जोडा आणि तीच कमान परत मोजा. समजा ३८.५ आलं. म्हणजे नाक एक इंच उचललं.

४. कपलरला कुलूप घाला. मग टंग जॅकने ट्रेलर आणि ट्रकची शेपटी दोन्ही एकत्र वर घ्या, म्हणजे बार सहज चढतील. साखळी अडकवताना ती ताणणाऱ्या दांड्याच्या रेषेत तोंड किंवा हात नको. तो सुटला तर हाड मोडतो.

५. जॅक खाली करा, पुन्हा मोजा. आता किती परत यायला हवं? जुनी माणसं "पूर्ण ३७.५ वर आण" म्हणायची. अनेक नव्या ट्रकच्या पुस्तिकेत निम्मं पुरेसं मानतात, म्हणजे ३८ इंच. तुमच्या पुस्तिकेत जे असेल तेच खरं. मूळ उंचीच्या खाली मात्र जाऊ नका, मग मागची चाकं हलकी होतात आणि वळणावर ट्रकची शेपटी सरकते.

६. कमी पडलं तर साखळीची एक कडी कमी करा किंवा डोक्याचा कोन वॉशर घालून वाढवा. जास्त झालं तर उलट. पहिल्या वेळी माझी दुपार गेली, आता वीस मिनिटं लागतात.

७. सुमारे पन्नास मैल गेल्यावर थांबून सगळे नटबोल्ट टॉर्क रेंचने सूचनेप्रमाणे पुन्हा आवळा.

हवेच्या पिशव्या कधी

मागच्या पाट्यांवर (स्प्रिंगच्या पट्ट्यांवर) बसवायच्या एअर बॅगची, म्हणजे हवेच्या पिशव्यांची, जाहिरात फार मोहक असते. पंप मारला की ट्रक सरळ! सरळ दिसतोही. पण त्या ट्रकला नुसता मागून उचलून धरतात. पुढून गेलेले २९० पौंड त्या परत आणत नाहीत. पेलोडही वाढवत नाहीत. रबराचे बंप स्टॉप आणि जादा पाटा यांचंही असंच.

म्हणून त्या वाईट असं नाही. हौद्यातच बसणारा कॅम्पर असेल, किंवा फिफ्थ व्हील (हौद्यातल्या जोडणीवर टेकणारा ट्रेलर) असेल जिथे ओझं मागच्या चाकांच्या वरच येतं, तर त्या उत्तम. वजनं मर्यादेत आणि हिच नीट लागलेली असूनही ट्रक डुलत असेल तरीही चालतील. मात्र बार ताणून झाल्यावर वरून हवा भरू नका: मागचा भाग उचलला की बारचा ताण सैल पडतो आणि तुमची सगळी मापं वाया जातात.

काट्यावर खात्री

मोजपट्टी उंची सांगते, वजन काटाच सांगतो. अमेरिकेत ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात. पुढची चाकं पहिल्या पाट्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर ठेवायचा. तीन वेळा तोला: बार ताणून, बार काढून आणि नुसता ट्रक. २४ तासांच्या आत परत तोललं तर फी बरीच कमी होते. तिन्ही कागदांवरचा पुढच्या चाकांचा आकडा शेजारी ठेवून बघा आणि मागचा आकडा दारावरच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मर्यादेशी जुळवा. आमच्या ट्रकची पुढची चाकं बार लावल्यावर जवळजवळ पूर्वपदावर आली, मागचा अ‍ॅक्सल मात्र मर्यादेच्या काठावर होता. तो आकडा बघून जनरेटर विकला.

पाण्याचा हिशेब राहिलाच. एक गॅलन पाणी सुमारे ८.३४ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी ३३० पौंडांच्या वर. ती कॅम्परच्या चाकांच्या पुढे आहे की मागे हे खाली वाकून बघा. आमची पुढे आहे, म्हणून आम्ही ती कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर भरतो आणि निघताना रिकामी करतो. सांडपाण्याची टाकी मागे आहे. परतीला ती भरलेली राहिली तर टंग वेट उतरतं, म्हणून डम्प स्टेशनवर थांबल्याशिवाय हायवेला लागायचं नाही.