घाणेरीने टेकडीचं किती नुकसान केलं, हे कसं मोजायचं

"घाणेरी वाढली, टेकडी मेली" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मोजलेलं दाखवा म्हटलं की मोबाइलमधला एक फोटो पुढे करतात. पुणे-सातारा पट्ट्यातल्या टेकड्यांवर मी बरेच पावसाळे हे मोजमाप केलंय. एक पायरी सोडली तर काम सोपं आहे.

घाणेरी म्हणजेच टणटणी. मूळची उष्ण अमेरिकेतली, इंग्रजी अमदानीत बागेची शोभा म्हणून आलेली आणि पुढे बुलबुलांनी रानभर पेरलेली.

सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा, गवतं तुऱ्यावर असतात. उन्हाळ्यात वाळक्या काड्या बघून पवन्या की मारवेल हे खात्रीने सांगणारा मला अजून भेटायचाय. झुडपांसाठी ५ बाय ५ मीटरची दोरीची चौकट, तिच्या एका कोपऱ्यात गवतासाठी १ बाय १ ची. घाणेरीने किती टक्के जमीन झाकली, कोणत्या जाती आहेत, मोई-धावड्यासारख्या झाडांची रोपं किती, एवढं लिहा.

आता अवघड पायरी: तुलना कशाशी करायची?

सगळे सांगतात, "घाणेरी असलेला एक तुकडा घ्या, नसलेला एक घ्या, फरक काढा." मीही तेच केलं होतं. घाणेरीच्या जाळीत जेमतेम चार जाती, शेजारच्या कुरणात वीसेक. छाती फुगवून अहवाल लिहिला. पुढच्या वर्षी त्याच उतारावर एक धनगर आजोबा भेटले. जाळीकडे काठी करून म्हणाले, "तिथं आमचा वाडा असायचा की. दरसाल मेंढरं बसायची." म्हणजे खुरांनी गवत आधीच उखडलेलं, लेंड्यांनी माती खतावलेली, आणि घाणेरी आली ती त्या मोकळ्या, कसदार जागेवर. कुरणात तर चराईबंदी होती. मी मोजला होता मेंढवाड्याचा परिणाम आणि नाव घातलं होतं घाणेरीचं!

म्हणून आता माझा हट्ट असा. जोडीतल्या दोन्ही चौकटी एकाच उतारावर, एकाच दिशेला तोंड करून, एकमेकींपासून वीस-तीस मीटरच्या आत. उत्तरेकडचा उतार ओल धरतो, दक्षिणेकडचा भाजून निघतो. त्यांची तुलना करूच नका. लोखंडी सळई ठोकून मातीची खोली बघा, दोन्हीकडे सारखी हवी. चराई, वणवा, जुनी खाण, रस्त्याची माती टाकलेली जागा, हे सगळं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. उपग्रहाच्या नकाशात मेंढवाडा दिसत नाही. अशा निदान दहा जोड्या हव्यात, आणि नुसतं "आहे-नाही" नको. विरळ, मध्यम, दाट अशा तिन्ही जागा घ्या. आच्छादन वाढेल तसतशा जाती घटत गेल्या, तर संशय बळावतो.

चौकट पाठीमागे फेकून पडेल तिथे मोजा, हा सल्ला देणाऱ्याने उतारावर कधी काम केलेलं नसावं. ती घरंगळते, आणि काट्यांच्या जाळीत पडली की माणूस हळूच बाहेर ओढतो. टेप लावा, चिठ्ठ्या टाकून अंतर ठरवा.

खात्री करायची तर काही चौकटींतली घाणेरी काढा, काहींतली ठेवा आणि दोन पावसाळे पुन्हा मोजा. उपटू नका. उपटल्याने माती हलते, आणि हललेल्या मातीत गाजरगवत हजर होतं. मग तुम्ही कुदळीचा परिणाम मोजत बसता. जमिनीलगत कापा. बुंध्यातून फुटवे येतातच, ते दर महिन्याला छाटायचे. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

शेवटी निकाल लावायला आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये स्वीकारलेली पाच पायऱ्यांची पट्टी वापरा. स्थानिक वनस्पतींना जवळपास काहीच झालं नसेल तर नगण्य. वाढ खुंटली पण संख्या टिकली तर किरकोळ, संख्या घटली तर मध्यम. एखादी जात तिथून नाहीशी झाली, पण घाणेरी हटल्यावर परतू शकत असेल तर मोठा. परतूच शकत नसेल तर प्रचंड.

मेंढवाड्याच्या त्या उतारावर नीट जोड्या लावून पुन्हा मोजलं, तेव्हा उत्तर "मध्यम" आलं. कुसळी आणि पवन्या खरोखर घटले होते. रोपांत मात्र फरक सापडला नाही. मथळ्यात "विनाश" छापलेला पहिला अहवाल अजून कपाटात आहे. नव्या मुलांना आधी तोच वाचायला देतो.