रंगीत रेझिन की एअरब्रश? सर्फबोर्ड रंगवताना या चुका टाळा

सर्फबोर्डचा रंग रेझिनमध्ये मिसळून द्यायचा की एअरब्रशने फवारायचा, हा प्रश्न बहुतेक नवशिके बोर्डाला आकार देऊन झाल्यावर विचारतात, आणि पहिली चूक तिथेच झालेली असते. रंगीत रेझिन हे लॅमिनेशनचेच, म्हणजे फोमवर फायबरग्लासचे कापड रेझिनने चिकटवून कवच चढवण्याचेच काम आहे. त्यातला रंग फायबरग्लासच्या कापडात मुरतो आणि कवचाचा भाग होऊन राहतो. एअरब्रशचा रंग फोम आणि कवच यांच्या मधोमध, किंवा घासलेल्या हॉट कोटवर (कवचावर दिलेल्या रेझिनच्या दुसऱ्या थरावर), पातळ पापुद्र्यासारखा बसतो. त्यामुळे फोम किती गुळगुळीत घासायचा, कापडाच्या कडा कशा दुमडायच्या आणि रेझिन किती लागेल, ही सारी गणिते रंगाच्या निवडीवर अवलंबून असतात. ती निवड ब्लँक, म्हणजे बोर्डाचा फोमचा गाभा, घासायला घेण्याआधीच झालेली असावी.

टिंट (पारदर्शक रंगाचे रेझिन) दोष झाकेल, हा समज

फोमचे बोर्ड नवे होते त्या काळात, 1950च्या दशकाच्या अखेरीस, ब्लँकमध्ये हवेची भोके आणि डाग सर्रास असत आणि कारागीर ते रंगीत रेझिनने झाकत असत, हे खरे आहे. पण ते रेझिन अपारदर्शक पिगमेंटचे होते. टिंट पारदर्शक असतो आणि त्याचे वागणे नेमके उलट असते: सँडपेपरच्या ओरखड्यात तो साचतो आणि तिथे गडद दिसतो, पेन्सिलची रेघ आरपार दाखवतो आणि पुट्टी भरलेली जागा वेगळ्या छटेत उठवून दाखवतो. मी खोली अंधारी करून ब्लँकवर बॅटरीचा प्रकाश आडवा टाकतो आणि दोन्ही बाजू सावकाश पाहतो. पुट्टीची एक जरी जागा दिसली तरी त्या बोर्डासाठी टिंटचा विचार सोडून देतो आणि एअरब्रश हातात घेतो, कारण फवारलेल्या रंगाखाली ती जागा सहज लपते.

रंगीत रेझिन मोजून मापून पुरेल एवढेच कालवणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका तरुणाने नऊ फुटी लाँगबोर्डच्या खालच्या बाजूसाठी मधाच्या रंगाचे रेझिन कालवले. रेझिन थोडे जास्त घे, असे मी त्याला दोनदा सांगितले, पण वाया घालवणे त्याला पटेना. शेपटीकडचा दीड फूट उरलेला असताना भांडे रिकामे झाले. त्याने घाईघाईने दुसरे रेझिन घेतले, त्यात अंदाजाने रंगाचे थेंब टाकले आणि दोन्ही भांडी शेजारी धरून मला दाखवली. छटा अगदी सारखी वाटत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर आडवी सरळ सीमारेषा उमटलेली होती, एका बाजूला मध आणि दुसऱ्या बाजूला फिका चहा.

भांड्यातल्या रेझिनची खोली काही इंच असते आणि कापडावरचा थर मिलिमीटरहूनही पातळ, म्हणून भांड्यात पाहून छटा जुळवता येत नाही. रंग कापडातच मुरलेला असल्यामुळे ती रेषा घासून काढणेही शक्य नव्हते. घासले असते तर कापडच कापले गेले असते. शेवटी हॉट कोट घासून शेपटीवर एअरब्रशने अपारदर्शक तपकिरी पट्टा फवारला आणि त्यावर ग्लॉस, म्हणजे रेझिनचा शेवटचा चकचकीत थर, चढवला. बोर्ड वाचला, पण ज्या पारदर्शक रंगासाठी टिंट निवडला होता तो शेपटीवर उरला नाही.

आता माझी सवय अशी आहे की एक लिटर पुरेल असे वाटले तर मी दीड लिटर रंगवतो. आधी सगळ्या रेझिनमध्ये रंग मिसळायचा, भांड्याची कड आणि तळ खरवडून ढवळायचे, मग ते दोन भांड्यांत वाटायचे आणि हार्डनर वापरण्याच्या क्षणीच एकेका भांड्यात घालायचा. छटा पाहायची तर पांढऱ्या फोमच्या तुकड्यावर त्याच वजनाचे कापड ठेवून, स्क्वीजी (रेझिन पसरवायची पट्टी) फिरवून पाहायची. वाया गेलेले अर्धा लिटर रेझिन बिघडलेल्या बोर्डापेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

फोमवर रंगाचे जाड हात

एअरब्रश सोपा आहे या समजुतीने त्याकडे वळणाऱ्यांची ही ठरलेली चूक आहे. एकदा दुरुस्तीसाठी माझ्याकडे काळ्या डेकचा, म्हणजे वरची बाजू काळी असलेला, एक बोर्ड आला. उन्हात ठेवल्यावर डेकवर तळहाताएवढा फुगा आला होता. तो कापून पाहिला तर फायबरग्लास पापडासारखा उचलला गेला. काळा रंग त्याच्या आतल्या बाजूला सलग चिकटलेला होता आणि खालचा फोम जवळजवळ कोरा होता. लॅमिनेशनचे रेझिन फोमच्या उघड्या छिद्रांत शिरून पकड घेते. रंगाने ती छिद्रे बुजवली की कवच फोमला धरत नाही, रंगाला धरते, आणि रंगाची पकड फार दुबळी असते. त्यातच काळा रंग ऊन शोषतो, मग आतली हवा प्रसरण पावते आणि सुटलेली जागा आणखी फुगते.

म्हणून फोमवर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंगच वापरावा, तो पातळ करून दुरून फवारावा आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. फोमचा पोत रंगाखालून दिसत राहिला पाहिजे. मी रंगवलेला ब्लँक रात्रभर ठेवतो, कारण रंगात ओल राहिली तर त्यावरचे रेझिन धुरकट होते आणि स्क्वीजीच्या दाबाने रंग ओढला जातो. गडद, सलग, अपारदर्शक डेकच हवा असेल तर मी तो रंग हॉट कोटवर देतो. तिथे फोमची पकड धोक्यात येत नाही. मात्र त्यानंतर ग्लॉस घासताना कडांवर हात हलका ठेवावा लागतो, नाहीतर रंगच निघून येतो.

थोडक्यात आणखी काही

उन्हात घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये पिगमेंट घालू नये. पिगमेंट प्रकाश अडवते आणि खालचा थर चिकट राहतो. इपॉक्सीत पॉलिएस्टरसाठीचे रंगद्रव्य घालू नये. ईपीएस (थर्माकोलसारख्या) फोमवर सॉल्व्हंटचा स्प्रे मारला तर फोम विरघळतो, आणि पॉलिएस्टर रेझिननेही तेच होते. मास्किंग टेप फोमवर लावण्याआधी कपड्यावर एकदोनदा चिकटवून तिची पकड कमी करावी. फ्लोरोसंट रंग उन्हात सर्वांत आधी फिके पडतात, मग ते कसेही दिलेले असोत. स्टायरीनच्या वाफेपुढे धुळीचा साधा मास्क कुचकामी आहे. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मास्कच लावावा.

टिंटसाठी कट लॅप शिकूनच घ्यावा लागतो. दुमडलेले कापड टेपच्या रेषेवर कापण्याची वेळ म्हणजे रेझिन रबरासारखे झालेले असते पण टणक झालेले नसते तेवढीच काही मिनिटे. उशीर झाला की पाते जोर मागते आणि फोमलाही चीर पाडते. ज्यांना ती मिनिटे भांड्याजवळ उभे राहून काढायची नाहीत, त्यांनी टिंट निवडू नये. हलक्या शॉर्टबोर्डला तर मी तो सुचवतच नाही, कारण टिंट खुलायला लागणारा ग्लॉस आणि पॉलिश वजन वाढवतात. तिथे पातळ एअरब्रश पुरे. जिथे थोड्या वजनाची अडचण नसते त्या लाँगबोर्डवर टिंट शोभतो, आणि तिथे मी त्याच रंगाचे न वापरलेले थोडे रेझिन हार्डनरशिवाय बाटलीत झाकून, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवतो; पहिल्या मोसमात बोर्डाला खोक पडली तर डागडुजीची छटा त्यातूनच जुळते.