दोन मार्कांचं कॅराजिनन

परभणीला फूड टेक्नॉलॉजी करताना कॅराजिननवर परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न आला होता. मी तो ऑप्शनला टाकला. पुढे नवी मुंबईत एका छोट्या आयातदाराकडे नोकरीला लागले आणि पहिल्याच वर्षी त्याच दोन मार्कांवर आमचा अख्खा कंटेनर अडकला.

चायना ग्रास म्हणजे अगार आपल्याला घरून माहीत असतं. कॅराजिननही तसंच लाल समुद्री शेवाळातून निघतं. आइस्क्रीम मिक्समध्ये पाणी वेगळं होऊ नये, चॉकलेट मिल्कमधला कोको तळाशी बसू नये, यासाठी ते चिमूटभरच लागतं. पण खाद्यपदार्थांत घालायच्या घटकांना जे नंबर असतात, त्यांत शुद्ध कॅराजिननचा नंबर ४०७, आणि कमी प्रक्रिया केलेल्या, सेल्युलोज शिल्लक असलेल्या स्वस्त मालाचा ४०७ए. बाजारात दोघांनाही बिनदिक्कत ‘कॅराजिनन’ म्हणतात. आमच्या इनव्हॉइसवर ४०७ होतं, पुरवठादाराच्या सीओएवर, म्हणजे मालाच्या तपासणीच्या दाखल्यावर, ४०७ए. दोन्ही कागद माझ्याच फाइलला लागलेले. न्हावा शेवा बंदरातून सीएचए, म्हणजे आमचं कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंट काकांचा फोन आला, “मॅडम, पोत्यावर काय छापलंय ते वाचलंत का?” वाचलं नव्हतं.

मला वाटलं, स्टिकर लावू. पण बंदरात स्टिकरनं भागतं ते आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो व लायसन्स नंबर आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह अशा मोजक्या गोष्टींपुरतंच. पदार्थाची ओळख स्टिकरनं बदलत नाही. मार्च होता, आइस्क्रीमवाले रोज फोन करत होते, वर कंटेनर पडून राहिल्याचं भाडं, ग्राउंड रेंट, चढत होतं. शेवटी माल परत गेला.

तेव्हापासून माल जहाजावर चढायच्या आधी पोत्याच्या चारही बाजूंचे फोटो मागवते आणि त्याच लॉटचं अर्धा किलो सँपल कुरिअरनं. सँपल आलं की गरम पाण्यात विरघळवायचं, थोडं पोटॅशियम क्लोराइड घालायचं, काचेच्या ग्लासात थंड करायचं. ४०७ची जेली बऱ्यापैकी आरपार दिसते, ४०७एची ढगाळ. मोजूनच बघायचं असेल तर ॲसिडमध्ये न विरघळणारा भाग लॅबकडून काढून घ्या. शुद्ध मालात तो २ टक्क्यांच्या आत हवा, ४०७एमध्ये ८ टक्क्यांच्या वर असतो. शिवाय पुरवठादाराला स्पष्ट विचारा, यात साखर किती घातली आहे? जेलची ताकद एकसारखी ठेवायला साखर मिसळतात. त्यात लबाडी नाही, पण कागदावर लिहायला हवं. जड धातूंची तपासणी मात्र स्वतःच्या पैशानं मान्यताप्राप्त लॅबमध्ये करा. शेवाळ समुद्रातलं आर्सेनिक, कॅडमियम ओढून घेतं, आणि सीओए शेवटी विकणाऱ्याचाच कागद.

ड्युटीचं एक सांगते. इंडोनेशिया किंवा फिलिपिन्सच्या मालाला आग्नेय आशियाई देशांबरोबरच्या आसियान करारातली ड्युटीची सवलत घ्यायची असेल तर माल कुठल्या देशाचा हे सांगणारं ओरिजिन सर्टिफिकेट लागतं. पण कस्टम्सच्या २०२० च्या कॅरोटार नियमांनंतर नुसतं सर्टिफिकेट पुढे करून सुटका नाही. माल तिथला कसा ठरतो याची माहिती आयातदाराकडे हवी. शेवाळ इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाचं आणि कारखाना चीनमधला, असं या धंद्यात सर्रास असतं. ऑर्डर देण्याआधीच विचारून घ्या.

पुरवठ्याचं गणित समुद्रावर चालतं. ज्यातून कॅराजिनन काढतात ते कॉटोनी शेवाळ दोरीला बांधून साधारण ४५ दिवसांत काढणीला येतं. पाणी तापलं किंवा खारेपणा घसरला की त्याला ‘आइस-आइस’ नावाचा रोग होतो, फांद्या पांढऱ्या पडून तुटतात. डिसेंबर २०२१ मध्ये राय वादळानं फिलिपिन्समधली शेवाळशेती झोडपली. तिथल्या एकाच बेटावर अवलंबून असलेल्या खरेदीदारानं मग कुणाकडे बघायचं? म्हणून मी दोन देशांतले दोन पुरवठादार ठेवते, दुसरा थोडा महाग असला तरी, आणि उन्हाळ्याचा माल दिवाळीनंतर लगेच बुक करते. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावरही हेच शेवाळ पिकतं. तिथली सँपल्स सध्या माझ्या टेबलावर आहेत, ग्लासात गार होत.