सायकली ट्रेलरच्या शेपटाला नकोत

कोल्हापुराहून गगनबावड्याकडे छोटा ट्रेलर ओढत निघालात, तर सायकली त्याच्या मागे टांगू नका. दोन सायकली नि स्टँड मिळून 40 किलो मागे गेले, की ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या हुकवरचा भार घटतो आणि घाटाच्या उतारावर ट्रेलर डोलायला लागतो. हा भार ट्रेलरच्या भरल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के हवा. 500 किलोला 50 ते 75.

सायकली गाडीच्या टपावर घ्या. पुढचं चाक फ्रेमला पट्ट्याने आवळा, नाहीतर हँडल फिरून रंग खरवडतं. पेडल काढणार असाल तर डाव्याचे आटे उलटे, घड्याळाच्या दिशेने सुटतात (इथे भलेभले चुकतात). वाटेत कळे गावात चहाला थांबाल तेव्हा पट्टे पुन्हा ओढा. नवे पट्टे हमखास सैलावतात.