सोतेर्न आणि गोडाचा घोळ : फ्रान्सला वाइन शिकायला येणाऱ्यांसाठी

टॅनिन, अ‍ॅसिडिटी, द्राक्षांच्या जाती हे तुम्हाला येत असणार, ते सांगत बसत नाही. मी बोर्डोत शिकतेय, संध्याकाळी एका रेस्टॉरंटमधे सर्व्हिसला असते, आणि आपली नवीन पोरं हमखास आपटतात ती गोड वाइनवर. डोक्यात एकच बसलेलं असतं, डेझर्ट वाइन ना, मग द्या डेझर्टबरोबर.

सरसकट देऊ नका. वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, निदान तेवढी तरी. पदार्थ जास्त गोड असला की वाइनमधली गोडी दबते आणि नुसता आंबटपणा नि अल्कोहोलचा चटका उरतो. जिलबीवर चहा प्यायला की फिका लागतो ना, अगदी तसंच. हा नियम मला पाठ होता पण जिभेला कळायला फार वेळ लागला, म्हणून कळकळीने सांगते, हे एकदा करून बघाच. सोतेर्नचा, म्हणजे बोर्डोकडच्या गोड पांढऱ्या वाइनचा, एक घोट घ्या, जर्दाळू, मध, संत्र्याची साल असं काय काय लागेल. मग चमचाभर मध चाटा आणि लगेच तीच वाइन परत प्या. पातळ आणि आंबट लागेल, आत्ता प्यायलो ती हीच का असं वाटेल. आता पाणी प्या, रोकफोर या खारट निळ्या चीजचा शेंगदाण्याएवढा तुकडा जिभेवर विरघळू द्या आणि वर परत एक घोट. चीजचा खारटपणा मऊ पडतो, जर्दाळू परत वर येतो. हे एकदा जिभेवर बसलं की निम्मं पेअरिंग, म्हणजे पदार्थाला वाइन जुळवणं, आलंच समजा, घाबरायचं काही कारण नाही.

म्हणून तर इकडे सोतेर्न जेवणाच्या सुरुवातीला फ्वा ग्राबरोबर (बदकाचं किंवा हंसाचं चरबीदार यकृत) देतात, शेवटी निळ्या चीजबरोबर देतात, कुणी कुणी तर भाजलेल्या कोंबडीबरोबरही.

दुसरं म्हणजे सगळ्या गोड वाइन एका पोत्यात भरू नका. सोतेर्नला सिरों नदीचं गार पाणी गारोन नदीच्या कोमट पाण्याला मिळतं, शरदात सकाळी धुकं धरतं, सेमियों द्राक्षाच्या मण्यांवर बोट्रायटिसची बुरशी येते, दुपारच्या उन्हात मणी सुकतात, साखर आणि आंबटपणा दोन्ही घट्ट होतात. मग एकाच बागेत परत परत फिरून पिकलेले तेवढेच मणी वेचायचे, म्हणून ती महाग. शातो दिकेम या सोतेर्नच्या नामांकित वायनरीने 2012 साली वाइन काढलीच नाही, मनासारखी द्राक्षं आली नाहीत म्हणून. जुरांसोंमधे, म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बुरशीवर भिस्त नसते, पती मांसेंगची द्राक्षं वेलीवरच सुकू देतात, आंबटपणा भरपूर, फळांच्या टार्टला छान. फक्त लेबलवर 'सेक' असेल तर ती बाटली गोड नाही, ऑर्डर घेताना हे नीट बघा. लुआर खोऱ्यातली कोतो द्यू लेयों ही गोड वाइन शनां ब्लां द्राक्षाची, ती सफरचंदाच्या उलट्या टार्टबरोबर, तार्त तातेंबरोबर, घ्या. आणि चॉकलेटला कृपा करून सोतेर्न देऊ नका, तिथे दक्षिण फ्रान्सची गोड वाइन बान्यूल्स. ग्रनाश द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात स्पिरिट घालतात, आंबणं थांबतं, गोडी शिल्लक राहते, आणि ही वाइन कडू चॉकलेटला पुरून उरते.

पेअरिंगचे तयार तक्ते आणि अ‍ॅप्स मला अजिबात पटत नाहीत. त्यात पदार्थाचं नाव असतं, साखर किती ते नसतं, आणि एका शेफचा लिंबाचा टार्ट दुसऱ्याच्या दुप्पट गोड असू शकतो. किचनमधे जाऊन चमचाभर चाखा, मगच बाटली सुचवा. मेंटरही असा शोधा जो उत्तर सांगायच्या आधी तुमच्या हातात ग्लास देईल. नुसती मोठ्या शातोंची (वायनरींची) नावं घेणाऱ्यांच्या मागे फिरू नका.

पैशांचं टेन्शन घेऊ नका. 375 मिलीची हाफ बॉटल चौघांत घ्या, उरलेली बूच लावून फ्रिजमधे काही दिवस सहज टिकते. पिताना 10 अंशांच्या आसपास ठेवा, बर्फगार केली तर वासच येणार नाही. अजून भारतातच असाल तर नाशिकची लेट हार्वेस्ट शनां आणा, द्राक्ष लेयोंचंच आहे, आणि मधाचा प्रयोग तिच्यावरही होतो.